इंग्रजीचं शेपूट आणि माझी काहील

फेब्रुवारी सरत आला की आमच्या शिवारात दोन गोष्टी एकदम सुरू होतात. गुऱ्हाळाचा धूर आणि दहावीवाल्यांचं पाठांतर. धुराचं मला काही नाही, जन्म त्यातच गेला. पण पाठांतरानं या वर्षी मला बेजार केलं. पाठ करणारी आमची सून होती आणि तिची वही धरून बसायला घरात मी एकटाच रिकामा होतो.

रिकामा हा शब्द माझ्या पोराचा. शिवराज लातूरला टेम्पो चालवतो, आठवड्याला एकदा घरी येतो. जाता जाता म्हणाला, "अप्पा, तुम्ही तसे रिकामेच की. महानंदाची वही धरत जा जरा." शिरूर अनंतपाळच्या आजूबाजूला ज्यानं चाळीस हंगाम गूळ उतरवला, ज्याच्या हाताची ढेप बाजारात नुसती बघून ओळखायचे, त्याला पोरानं रिकामा म्हणावं. गुडघ्यांनी काम सोडलं तेव्हापासून असले शब्द मी ऐकून घेतो, पण विसरत नाही.

माझी शाळा दुसरीपर्यंत. मराठी वाचतो, ओळीवर बोट ठेवून वाचतो, पण वाचतो, अन् लिहितोही. इंग्रजीचा आणि माझा संबंध एसटीच्या पाटीपुरतासुद्धा नाही. असं असताना महानंदा वही माझ्या मांडीवर ठेवून म्हणाली, "मामा, मी वाक्य म्हणते. तुम्ही नुसतं बघा, शेवटी हे हाय का न्हाई." आणि तिनं तीन अक्षरं काढून दाखवली. एक उभी काडी, वर टिंब. मग एक कमान. मग एक मडकं, त्याला खाली आकडा. याला इंग म्हणायचं.

"हे कशाला लावायचं?"

"सुरू करणं न् बंद करणं आलं की पुढच्या कामाला हे लागतंय. स्टार्ट आलं, स्टॉप आलं, फिनिश आलं, कीप आलं, गिव्ह अप आलं. ह्या पाचांच्या मागं शेपूट पाहिजेच."

"अन् नाही लावलं तर?"

"मार्क जातंय."

मला तेव्हाच या भाषेचा राग आला. माणूस काम सुरू करतो, माणूस काम बंद करतो, यात शेपटीचा काय संबंध? आम्ही म्हणतो, उकळायला लागला. आम्ही म्हणतो, उकळायचं थांबला. झालं. तरी रोज दुपारी अंगणात लिंबाखाली मी वही घेऊन बसायचो आणि ती भाकरीचं पीठ मळता मळता वाक्यं म्हणायची. शेपूट असलं की मी पेन्सिलीनं टिक करायचो. नसलं की ओरडायचो, "शेपूट." शेजारच्या गल्लीतल्या बाया हसायच्या. म्हणायच्या, सासऱ्याला काय झालं, सुनेच्या मागं शेपूट शेपूट करतोय.

सकाळी तर जास्त हाल. मी आंघोळ करून लिंगपूजेला बसतो. इष्टलिंग तळहातावर असेस्तोवर तोंडातून शब्द काढायचा नसतो, ही आमच्या घरची पक्की रीत. आणि नेमकी त्याच वेळी ही आत चुलीपाशी मोठ्यानं पाठ करायची. आय स्टार्ट कुक. शेपूट नाही. माझे डोळे मिटलेले, हात पुढं, कपाळावर भस्म, आणि आत नुसती तळमळ. पुन्हा म्हणायची, आय स्टार्ट कुक. दुसऱ्यांदाही नाही. देवाचं नाव बाजूला राहिलं आणि मी त्या शेपटीची वाट बघत बसलो. पूजा झाल्या झाल्या पहिला शब्द तोच निघायचा. ती म्हणायची, "मामा, देवानं काय म्हणावं तुम्हाला?"

एकदा मात्र माझीच फजिती झाली. तिनं लिहिलं होतं आणि शेवटी काडी, कमान, मडकं, सगळं जागच्या जागी होतं. मी जोरदार टिक केली. शाळेतून आलेल्या माझ्या नातीनं वही बघितली आणि लोळायला लागली. आईनं लिहिलं होतं, आय फिनिश मॉर्निंग. म्हणजे मी सकाळ संपवली. मी म्हणालो, "शेपूट हाय का न्हाई?" नात म्हणाली, "आजोबा, सकाळला जन्मापासनंच शेपूट असतंय." आता जिथं काम नाही तिथंही शेपूट लावून ठेवणाऱ्या भाषेपुढं माणसानं काय करावं?

महानंदा उमरीकडची. तिकडची बोली आमच्याहून वेगळी. लग्न होऊन आली तेव्हा "मी येऊन राहिले," "मी जेवून राहिले" म्हणायची आणि मी तिची नक्कल करायचो. राहिली कुठं, आली की, म्हणायचो. ती हसायची आणि पुन्हा तसंच बोलायची. अजूनही म्हणते. या बाईनं माझं ऐकून आपली सवय एकही बदलली नाही, आणि बदलायला लावायची माझी सवयही गेली नाही. आम्ही दोघं सारखेच.

ती अंगणवाडीत मदतनीस आहे. लेकरांना खिचडी वाढते, तोंडं पुसते. सेविका व्हायचं तर शाळेचे कागद लागतात, आणि तिच्यापाशी दहावीचाच कागद नाही. म्हणून सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसली. बाकीच्या विषयांची तिला भीती नव्हती. इंग्रजीची होती. फॉर्म भरला त्या दिवशीच मला म्हणाली, "मामा, ह्या खेपेला इंग्रजी राहिली तर पुन्हा न्हाई बसायची मी. पोरगी मोठी झाली. तिच्यासमोर किती वेळा बसू?" मी नुसतं हं म्हणालो. ह्या खेपेला या शब्दांत मागची एक खेप होती. ती तिनं काढली नाही. मीही काढली नाही.

आता लिहून काढतो. तिच्याच वहीची मागची कोरी पानं आहेत, पुढच्या पानांवर माझ्याच टिका आहेत, आणि घरात कुणी नाही.

शिवराजच्या लग्नाच्या पुढच्या वर्षीची गोष्ट. तेव्हाही असाच फेब्रुवारी सरत आलेला. सकाळी गार, दहा वाजले की चटका. आमच्या पुतण्याच्या, बसवंतच्या मळ्यात गुऱ्हाळ लागलेलं. ज्यांनी गुऱ्हाळ बघितलं नाही त्यांना सांगतो. उसाचा रस मोठ्या पसरट कढईत ओततात, ती काहील. खाली चुलवाण, त्यात वाळलेली चिपाडं सारखी टाकायची. रस तापला की वर मळी येते, हिरवट काळी. भेंडीच्या झाडाचा चिकट रस टाकला की ती गोळा होते, मग झाऱ्यानं काढायची. त्यानंतर रस पिवळा होतो, लाल होतो, फुगतो, बुडबुडे आधी फुलासारखे, मग डोळ्यासारखे. वास असा की पोटभर जेवलेल्या माणसाला पुन्हा भूक लागावी. हे सगळं कुणीही करू शकतं. जाळ लावणं म्हणजे काय, काडी ओढली की लागला.

गुळव्या लागतो तो थांबवायला. दोन मिनिटं आधी उतरवली तर गूळ मऊ, ढेप बसत नाही, पावसाळ्यात पाणी सुटतं. दोन मिनिटं उशीर झाला तर काळा आणि कडवट. मधला जो क्षण असतो तो घड्याळात नसतो. उकळता पाक थेंबभर गार पाण्यात टाकायचा, बोटात त्याची गोळी वळायची. गोळी बोटाला काय म्हणते ते ज्याला कळलं तो गुळव्या. मला ते कळत होतं. पंचक्रोशीत माझ्याइतकं कुणाला कळत नव्हतं, हे मी सांगायचो आणि लोकही मान्य करायचे. माझ्या हातानं कधी काहील कच्ची उतरली नाही. हे वाक्य मी इतक्या जणांना ऐकवलंय की आता माझं मलाच ते पाठ आहे.

त्या वर्षी महानंदानं पहिल्यांदा फॉर्म भरला होता. माहेरी आईच्या आजारपणात नववीला शाळा सुटलेली. लग्नानंतर शिवराजच म्हणाला, बस परीक्षेला. मला पटलं नव्हतं, पण मी आडवा आलो नाही. त्याचा मला आजवर अभिमान होता, आडवा आलो नाही याचा. मराठीचा पेपर झाला. मग इंग्रजीचा दिवस आला. शिवराज लातूरला. सकाळची एसटी आलीच नाही. ती गुऱ्हाळावर आली. डोक्यावर भाकरीची टोपली होती, कारण गुऱ्हाळावरच्या माणसांना गरम भाकरी पाहिजे हा माझा हट्ट. हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत हॉलतिकीट.

"मामा, गाडी आली न्हाई. तुमच्या मोटरसायकलवर सोडता का शिरूरला?"

मी बुडबुडे बघत होतो. फूल जाऊन डोळे यायला लागले होते. म्हणालो, "ही काहील उतरली की निघू. बस तिथं."

ती चिपाडाच्या ढिगावर बसली. बसवंत जाळ घालत होता. तो म्हणाला, "काका, तुम्ही जावा. मी उतरवतो."

मी म्हणालो, "तुला गोळी कळती का?"

"एवढी वर्षं बघतोय काका, कळती की."

"बघून कळत असतं तर चुलवाणापुढच्या कुत्र्यालाही कळलं असतं."

माणसं हसली. बसवंतही हसला, त्याला हसावंच लागलं. मी थेंब पाण्यात टाकला. गोळी मऊ होती. त्या दिवशीचा ऊस खालच्या पाणथळ रानातला, रस पातळ, वेळ खात होता. पुन्हा टाकला. अजून मऊ. चिपाडाच्या ढिगाकडं मी बघितलं नाही. बघितलं असतं तर काय दिसलं असतं ते मला माहीत होतं. ती एकदाही पुन्हा बोलली नाही. एकदा जरी "मामा" म्हणाली असती तरी मी ओरडलो असतो आणि मग कदाचित उठलो असतो. बोलली नाही. पिशवी मांडीवर ठेवून बसून राहिली.

काहील उतरली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. आम्ही गेलो. गाडी मी जोरात चालवली, तेवढं मात्र केलं. शाळेचं दार बंद होतं. आतल्या शिपायानं घड्याळाकडं बोट केलं. मी त्याच्याशी हुज्जत घालायला लागलो, कोण समजतो स्वतःला, मी अमका, मी तमका. महानंदानं माझी बाही धरली. म्हणाली, "राहू द्या मामा. घरी चला, माणसं दुपारच्या भाकरीची वाट बघत असतील."

त्या दिवशीची ढेप सोन्यासारखी उतरली होती. अडत्यानं फोडून बघितली, हातावर घेऊन दुसऱ्यांना दाखवली. ती तारीफ मी पुढं कितीतरी वर्षं सांगितली. पाणथळ रानातला ऊस, पातळ रस, आणि बघा कसा उतरवला. सांगताना चिपाडाचा ढीग मी कधी त्या गोष्टीत येऊ दिला नाही. जुलैत पुन्हा बसता आलं असतं, पण तेव्हा ती बाळंतपणाला उमरीला. मग पोरगी. मग माझे गुडघे. मग अंगणवाडी.

तर या वर्षी, लिंबाखाली, परीक्षेच्या आधल्या आठवड्यात. ती वाक्यं करत होती. गाईडमधली संपली की स्वतःची करायची आणि ती बहुतेक माझ्यावरच असायची. मला अर्थ विचारावा लागायचा. एकाचा अर्थ निघाला, मामांनी ओरडायला सुरुवात केली. दुसऱ्याचा, मामा बोलायचं थांबत नाहीत. मी म्हणालो, "लिही, पण शेपूट नीट लाव." मग तिनं एक म्हटलं आणि अर्थ सांगायच्या आधी जराशी थांबली.

"ह्याचा अर्थ काय?"

"मी शिकायचं थांबवलं."

मी पेन्सिल खाली ठेवली. "हे वाक्य खोडून टाक."

"का? शेपूट हाय की. बघा."

"शेपूट हाय, पण वाक्य खोटं हाय. तू कुठं थांबवलंस?"

ती पिठाचे हात तसेच धरून माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मामा, मास्तर खरं-खोटं बघत न्हाईत. शेपूट बघतात."

"मास्तर काय बघायचं ते बघू दे. माझ्यापुढं खोटं लिहायचं नाही."

तिनं खोडलं. भाकरी थापायला घेतली. आमच्यात त्या दिवसाबद्दल एवढंच बोलणं झालं, त्या वर्षापासून आजपर्यंत. ही माझी माफी होती का ते मला सांगता येणार नाही. मला तसले शब्द येत नाहीत आणि आता शिकायचं वयही नाही. चिडलो होतो एवढं खरं. इंग्रजीवर चिडलो होतो असं मी त्या दिवशी धरून चाललो.

इंग्रजीच्या पेपराच्या आदल्या संध्याकाळी बसवंतचा फोन. हंगामाची पहिली काहील उद्या सकाळी. पहिली काहील दरवर्षी मीच उतरवतो. गुडघे गेले तरी मला खुर्ची टाकून बसवतात, गोळी माझ्या हातात देतात, मी हं म्हणालो की उतरवतात. तो मान आहे. बसवंत म्हणाला, "काका, सकाळी गाडी पाठवतो."

मी म्हणालो, "गाडी पाठव, पण शिरूरला न्यायला. महानंदाचा पेपर हाय. मी संग जातोय."

"मग काहील?"

"उतरव तू."

त्यानं मला पुन्हा तेच म्हणायला लावलं. मग म्हणाला, "काका, तब्येत बरी हाय ना?"

आम्ही नऊ वाजताच शाळेपाशी पोचलो. पेपर अकराचा. महानंदा म्हणाली, "एवढ्या लवकर येऊन काय करायचं?" मी म्हणालो, "बसायचं." दारासमोरच्या पारावर बसलो. पोरं-पोरी आल्या, कुणाचे बाप, कुणाच्या आया, आणि वही छातीशी धरून आमची तीस वर्षांची बाई. एका पोरानं तिला विचारलं, "बाई, आमच्या वर्गावर तुम्हीच हायेत का?" ती म्हणाली, "हाव, मी पण तुमच्याच रांगेत." दार उघडलं, ती आत गेली. आत गेल्यावर एकदा मागं वळली. मी हातानं शेपूट करून दाखवलं. काडी, कमान, मडकं, आकडा. शेजारचा माणूस माझ्याकडं बघायला लागला.

मग दार लागलं आणि मी बाहेर तीन तास. माझं सगळं ध्यान मळ्यात. आता मळी आली असेल. आता पिवळा झाला असेल. आता बसवंत थेंब टाकत असेल, त्याची ती जाड बोटं, त्याला काय कळणार. बारा वाजता मला वाटलं उतरवली असणार, लवकर उतरवली, हा नेहमी घाई करतो. साडेबाराला वाटलं, उशीर केला, काळी पडली. फोन करावा म्हणून दोनदा काढला आणि दोनदा खिशात ठेवला. चाळीस हंगामांत मी कधी एवढा दमलो नाही जेवढा त्या पारावर दमलो.

ती बाहेर आली तेव्हा हाताला शाई, तोंड घामेजलेलं.

"आलं का?"

"आलं तेवढं लिहिलं. स्टॉपचं वाक्य आलतं मामा."

"काय लिहिलंस?"

"लिहिलं की आमच्या सासऱ्यांनी गूळ करायचं थांबवलं."

"ते पण खोटंच की."

"आजच्यापुरतं खरं हाय," ती म्हणाली आणि पुढं चालायला लागली. शेपूट लावलंस का, हे विचारायचं मी विसरलो. निकाल लागायचा तेव्हा लागेल.

परतताना गाडी मळ्यावरून नेली. चुलवाण विझत आलं होतं, हवेत तोच वास. बसवंत ढेपेपाशी उभा, हात मागं बांधून, पोरगं मास्तरपुढं उभं राहतं तसा. मी काठी टेकत गेलो. ढेपेवर बोटानं वाजवलं. कोपरा तोडला. रंग बघितला, उन्हात धरून बघितला. दातात धरला, जिभेवर ठेवला, बराच वेळ ठेवला. मऊ असावा, कडू असावा, कुठंतरी चिकट असावा, म्हणून शोधत राहिलो. एवढं मनापासून मी कधी कुणाच्या गुळात खोट शोधली नव्हती.

नव्हती. खोट कुठंच नव्हती. त्या वर्षीही त्यानं अशीच उतरवली असती.

महानंदा चिपाडाच्या ढिगावर टेकली होती, तोच ढीग नाही, पण जागा तीच. म्हणाली, "कसा उतरलाय मामा?"

मी उरलेला तुकडा तिच्या हातावर ठेवला. "चांगला हाय," म्हणालो. बसवंतला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणालो.